डिजिटल प्रेसवर स्पॉट कलर अचूक जुळवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिजिटल प्रेस स्पॉट कलर छापते म्हणजे नेमकं काय करते?

स्पॉट कलर म्हणजे आधीच मिसळून तयार केलेल्या एकाच शाईने छापायचा रंग, आणि पॅन्टोन हा अशा शेडना नंबर देणारा संच. ऑफसेटवर, म्हणजे प्लेटने छापणाऱ्या मशीनवर, पॅन्टोन १८५ छापायचा तर त्या शेडची शाई आधी घोटून घेतात, एका युनिटमध्ये भरतात आणि एकाच प्लेटने छापतात. १९६३ साली लॉरेन्स हर्बर्ट यांनी पॅन्टोनची पद्धत आणली ती याच तत्त्वावर. ठरलेल्या मूळ शाया ठरलेल्या प्रमाणात मिसळल्या की कुठल्याही छापखान्यात तीच शेड तयार व्हावी, हा त्यामागचा हेतू.

चौरंगी डिजिटल प्रेसमध्ये अशी घोटलेली शाई भरायला जागा नसते. सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा यांचे बारीक ठिपके पाडून त्या शाईच्या जवळ जावं लागतं. पुढच्या सगळ्या अडचणी यातूनच येतात: काही शेड या चार रंगांच्या आवाक्यात येत नाहीत, पातळ अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात, आणि चारपैकी एक टोनर (पावडरची शाई) जरी सरकला तरी शेड बदलते.

फाइलमध्ये पॅन्टोनचं नाव बरोबर आहे, तरी रंग चुकीचा येतो. असं का?

पीडीएफमध्ये प्रत्येक स्पॉट कलरसोबत दोन गोष्टी असतात: त्याचं नाव आणि एक पर्यायी किंमत, जी सीएमवायकेमध्ये (वरच्या चार रंगांचे टक्के) किंवा लॅबमध्ये (रंगाचं मोजमाप: एल म्हणजे उजळपणा, ए लाल-हिरवा, बी पिवळा-निळा) असते. रिप (फाइलचं छपाईच्या ठिपक्यांत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर) आधी ते नाव आपल्या स्पॉट कलरच्या तक्त्यात शोधतो. नाव सापडलं तर तक्त्यातली किंमत वापरतो. सापडलं नाही तर निमूटपणे पर्यायी किंमत उचलतो, आणि स्क्रीनवर बहुतेक वेळा कसलीही सूचना येत नाही.

नाव अक्षरन् अक्षर जुळावं लागतं. जुन्या फाइलींमध्ये शेवटी ‘सी’च्या जागी ‘सीव्ही’ किंवा ‘सीव्हीसी’ असतं. डिझायनरने ‘लोगो रेड’ असं स्वतःचं नाव दिलेलं असतं. कधी नावात एक जादा स्पेस असते. म्हणून जॉब लावण्यापूर्वी अॅक्रोबॅटच्या आउटपुट प्रीव्ह्यूमध्ये सेपरेशनची यादी उघडून नावं वाचा. एकच शेड दोन नावांनी दिसत असेल तर ती मूळ फाइलमध्येच एक करून घ्या.

रिपमधलं स्पॉट कलर मॅचिंग बंद असणं हे दुसरं नेहमीचं कारण. ते बंद असलं की पर्यायी सीएमवायके किंमत आधी सिम्युलेशन प्रोफाइलमधून (ज्या छपाईची नक्कल करायची तिचं रंगवर्णन) आणि मग आउटपुट प्रोफाइलमधून (या प्रेसचं आणि कागदाचं रंगवर्णन) जाते. शुद्ध पिवळ्यात सायनचे चुकार ठिपके दिसायला लागतात ते यामुळेच.

आणखी एक भर २०२२च्या नोव्हेंबरपासून पडली. अडोबीच्या सॉफ्टवेअरमधून पॅन्टोनची बहुतेक लायब्ररी काढली गेली, आणि परवाना नसलेल्या संगणकावर फोटोशॉपच्या काही जुन्या फाइलींत पॅन्टोनच्या जागी काळा दिसू लागला. अशी फाइल आली तर अंदाजाने रंग भरू नका. शेडचा नंबर ग्राहकाकडून लेखी घ्या आणि तोच नंबर रिपच्या लायब्ररीत आहे का ते पाहा.

कामाचा क्रम काय ठेवायचा?

कागद, मग कॅलिब्रेशन (प्रेसची घनता ठरलेल्या पातळीवर आणणं), मग प्रोफाइल आणि सगळ्यात शेवटी स्पॉट कलरचा तक्ता.

ट्रेमध्ये कागदाचं वजन आणि कोटिंगचा प्रकार बरोबर नोंदवा, कारण फ्यूजरचं (टोनर वितळवून कागदाला चिकटवणाऱ्या भागाचं) तापमान आणि टोनर कागदावर उतरवण्याचा व्होल्टेज त्यावर ठरतात. मशीन गरम होऊन वीस-तीस शीट निघाल्याशिवाय काहीही मोजू नका. मग ज्या स्क्रीनवर (म्हणजे ठिपक्यांच्या मांडणीवर) जॉब छापायचा आहे त्याच स्क्रीनवर कॅलिब्रेशन करा. एका स्क्रीनवर कॅलिब्रेशन केलं आणि जॉब दुसऱ्या स्क्रीनवर सोडला, तर मधल्या टोनची घडी विस्कटते.

प्रोफाइल जुनं किंवा दुसऱ्या कागदाचं असेल तर नवं बनवा. त्यासाठी छापून मोजायच्या आयटी८.७/४ चार्टमध्ये १६१७ पट्ट्या असतात. दोन-तीन शीट मोजून सरासरी घेतली तर प्रोफाइल अधिक भरवशाचं होतं.

क्रम उलटा झाला की मेहनत वाया जाते. तक्त्यातल्या किंमती थेट टोनरचे टक्के असतात. त्यांच्याखाली आधार असतो तो कॅलिब्रेशनचा. आज हाताने जुळवलेली शेड उद्या नव्या कॅलिब्रेशनवर हलली, तर आजचं कॅलिब्रेशन मुळात घसरलेलं होतं असं समजा.

तक्त्यातली शेड हाताने कशी सुधारायची?

फायरी या रिपमध्ये हे काम स्पॉट-ऑन किंवा नव्या आवृत्तीतल्या स्पॉट प्रोमध्ये होतं. इतर रिपमध्ये नाव वेगळं, पण पद्धत तीच. आधी रिपने स्वतः काढलेल्या किंमतीवर एक पट्टी छापा आणि मोजा. पट्टी निदान दोन सेंटिमीटर चौरस ठेवा आणि तीन जागी मोजून सरासरी घ्या.

समजा लक्ष्य आहे एल ४५, ए ६२, बी ३८ असा लाल, आणि रिपने सायन ०, मॅजेंटा १००, पिवळा ८०, काळा ० दिलाय. छापून मोजल्यावर मिळालं एल ४६, ए ६३, बी ३३. फरक एकचा, एकचा आणि उणे पाचचा. जुन्या (१९७६च्या) सूत्राने डेल्टा-ई, म्हणजे दोन रंगांमधल्या फरकाचा आकडा, सुमारे ५.२. यात खरी तूट आहे ती बीमध्ये, म्हणजे पिवळ्यात. पिवळा ८०वरून ८६ करा, बाकी कशालाही हात लावू नका. पिवळा वाढला की एल आणि ए थोडे खाली येतात, आणि इथे ते हवंच आहे. पुन्हा छापून मोजा.

एका वेळी एकच रंग बदलायचा. तीन रंग एकदम हलवले तर कोणत्या बदलाने काय झालं ते कळत नाही, आणि माणूस गोल-गोल फिरत राहतो. आधी रंगछटा जुळवा, मग गडद-फिकटपणा. छटा बरोबर असून शेड किंचित फिकट असली तर डोळा चालवून घेतो. लाल जरासा नारिंगीकडे गेला तर ते लगेच खुपतं.

स्पेक्ट्रोफोटोमीटर (रंग मोजायचं उपकरण) नसेल तर शेजारच्या शेडचा तक्ता छापा. सायन, मॅजेंटा आणि पिवळा प्रत्येकी एक पायरी कमी, तेवढाच आणि एक पायरी जास्त घेतला की २७ पट्ट्या होतात. पायरी आधी ५ टक्क्यांची घ्या. त्यातली सगळ्यात जवळची निवडा आणि तिच्याभोवती २ टक्क्यांच्या पायरीने दुसरा तक्ता छापा. नमुना पट्टीला अगदी चिकटवून धरा. मध्ये पांढरी फट राहिली तर डोळा फसतो.

एकच शेड टक्क्यांच्या वेगवेगळ्या जोड्यांनी मिळते. कोणती जोडी निवडायची?

याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, पण छपाईचा दर्जा बराचसा इथे ठरतो. तपकिरी, राखाडी, ऑलिव्ह अशा दबलेल्या शेड सायन-मॅजेंटा-पिवळा या तिघांनीही बनतात आणि दोन रंग अधिक काळा अशाही बनतात. दुसरी वाट अधिक स्थिर असते. तीन रंगांच्या राखाडीत सायन दोन टक्के जरी ढळला तरी शेड लालसर किंवा हिरवट होते. काळ्यावर उभी असलेली राखाडी त्या वेळी फार तर थोडी गडद-फिकट होईल, तिची छटा टिकेल.

याला अपवाद फिकट शेडचा. बेज किंवा फिकट गुलाबी पार्श्वभूमीत ४-५ टक्के काळा टाकला की काळे ठिपके सुटे दिसतात आणि पृष्ठभाग वाळू भुरभुरल्यासारखा होतो. तिथे काळा शून्य ठेवा आणि तिसऱ्या रंगाने दाबा.

शेडमध्ये बारीक अक्षरं किंवा पातळ रेषा असतील तर निदान एक रंग १०० टक्के ठेवा. मॅजेंटा १०० असला की लाल अक्षराची कड भरीव येते. तोच मॅजेंटा ९२ केला तर कडेवर स्क्रीनचे ठिपके उमटतात. आठ पॉइंटच्या खालच्या मजकुरात डेल्टा-ई अर्ध्याने सुधारण्यापेक्षा स्वच्छ कड जास्त मोलाची आहे.

बेरजेवरही नजर ठेवा. प्रत्येक प्रेसला एकूण टोनरची मर्यादा असते. चारही टक्के मिळून ती ओलांडली की रिप स्वतःच कात्री लावतो, आणि तुम्ही टाकलेले आकडे कागदावर उतरतच नाहीत.

डेल्टा-ई किती आला म्हणजे जुळलं म्हणायचं?

आधी सूत्र कोणतं ते ठरवा. १९७६चं सूत्र सोपं आहे, पण गडद पिवळ्यात आणि चटक रंगांत ते फरक फुगवून दाखवतं. २०००चं सूत्र डोळ्याला जे दिसतं त्याच्या जास्त जवळ जातं. ग्राहक एका सूत्राने बोलतोय आणि प्रेस दुसऱ्याने मोजतेय, असं असेल तर वाद मिटणार नाही.

२०००च्या सूत्राने १च्या आत फरक क्वचितच दिसतो. लोगोसाठी २च्या आत आणणं हे चांगलं काम. ३पर्यंत बहुतेक ग्राहक स्वीकारतात, पण राखाडी आणि त्वचेच्या जवळच्या शेडमध्ये तेवढा फरकही उठून दिसतो. म्हणून आकड्यासोबत फरक कोणत्या दिशेला आहे हेही पाहा.

मोजणीत एम०, एम१, एम२ असतं, त्याने काय फरक पडतो?

बराच, विशेषतः पांढऱ्याशुभ्र कागदावर. असा कागद उजळ दिसावा म्हणून त्यात ऑप्टिकल ब्राइटनर घातलेला असतो. तो अतिनील प्रकाश शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतो. एम०मध्ये अतिनीलचं प्रमाण पक्कं नसतं. एम१मध्ये ते डी५० या दिवसासारख्या प्रमाणित प्रकाशाला धरून असतं. एम२मध्ये अतिनील गाळलेलं असतं. एकच फिकट पट्टी या तीन पद्धतींनी मोजली तर बीची किंमत वेगवेगळी येते.

लक्ष्याची लॅब किंमत ज्या पद्धतीने मोजलेली आहे त्याच पद्धतीने स्वतःची पट्टी मोजा. शीटखाली काय ठेवलंय तेही सारखं असू द्या. पातळ कागदाखाली काळा पाठकागद आणि पांढरा पाठकागद यांनी एलची किंमत सहज बदलते. उपकरणाची पांढरी टाइल धुळकट असेल तर सगळीच मोजणी चुकते. ती मऊ कोरड्या कापडाने पुसा आणि झाकून ठेवा.

प्रेसवर जुळलेला रंग ग्राहकाच्या ऑफिसात वेगळा दिसतो. चूक कोणाची?

बहुधा प्रकाशाची. घोटलेली शाई आणि चार टोनरचं मिश्रण एका दिव्याखाली सारखे दिसतात आणि दुसऱ्याखाली वेगळे, कारण दोघांचा वर्णपट वेगळा आहे. याला मेटामेरिझम म्हणतात. तो पूर्ण घालवता येत नाही. राखाडी, जांभळट आणि तपकिरी शेडमध्ये त्याचा जास्त त्रास होतो. त्या शेडमध्ये काळ्याचा वाटा वाढवला की तो बराच कमी होतो.

आयएसओ ३६६४ प्रमाणे बारकाईने तुलना करायची तर डी५० प्रकाश आणि सुमारे २००० लक्स उजेड हवा. मंजुरी त्या प्रकाशात घ्या. पण माल दुकानातल्या एलईडीखालीच दिसणार असेल तर त्या प्रकाशातही एकदा पाहून ग्राहकाची सही घ्या.

रिफ्लेक्स ब्लू किंवा ऑरेंज ०२१ कितीही केलं तरी जुळत नाही. काय करायचं?

या शेड चार टोनरच्या आवाक्याबाहेर आहेत. चटक नारिंगी, गर्द निळा, जांभळा आणि काही चमकदार हिरव्यांचं असंच आहे. रिप त्यांना आवाक्यातल्या सगळ्यात जवळच्या जागी नेऊन बसवतो, पण गणिताने जवळचं ते डोळ्याला जवळचं असेलच असं नाही.

निळ्यात नेहमीची तक्रार म्हणजे ‘जांभळा आला’. सायन १०० आणि मॅजेंटा ९०-९५ असा निळा जांभळ्याकडे झुकतो. मॅजेंटा ७०च्या आसपास उतरवून पाहा. चटकपणा थोडा जातो, पण निळा निळा राहतो. नारिंगीत पिवळा १०० ठेवून फक्त मॅजेंटा खाली-वर करा. सायन आणि काळा पूर्ण शून्य हवेत. एक टक्का सायनसुद्धा नारिंगीला मळकं करतो.

पाचव्या ते सातव्या रंगाची सोय असलेल्या प्रेस इथे कामी येतात. एचपी इंडिगोवर नारिंगी, जांभळा आणि हिरवा जोडून आवाका वाढवता येतो, शिवाय त्या प्रेससाठी खास शेडची शाई घोटूनही मिळते. चौरंगीच प्रेस असेल तर काम घेण्याआधी ग्राहकाला छापील नमुना दाखवा. माल छापून झाल्यावर दिलेलं स्पष्टीकरण कोणी ऐकत नाही.

सोनेरी, चंदेरी आणि फ्लोरोसंट शेडचं काय?

८७१ ते ८७७ या धातूच्या शेड चार टोनरने होत नाहीत. सोनेरीचा मातकट पिवळा होतो आणि ८७७ चंदेरीची साधी राखाडी. झेरॉक्स इरिडेससारख्या प्रेसवर सोनेरी आणि चंदेरी टोनरचं वेगळं स्टेशन मिळतं. ८०१ ते ८०७ या फ्लोरोसंट शेडसाठीही खास टोनरच लागतो.

१८५ सी आणि १८५ यू या दोन वेगळ्या शाया आहेत का?

शाई एकच. सी म्हणजे ती कोटेड कागदावर कशी दिसते आणि यू म्हणजे बिनाकोटिंगच्या कागदावर. बिनाकोटिंगचा कागद शाई पितो आणि शेड मंद दिसते. म्हणून डिझायनरने फाइलमध्ये सी लिहिलं आणि जॉब बिनाकोटिंगच्या कागदावर असेल तर आधी विचारा: सीसारखा चटक रंग हवाय, की ऑफसेटवर त्या कागदावर जसा आला असता तसा? दोन्ही मागण्या रास्त आहेत, पण तक्त्यातले आकडे वेगळे होतात.

शेडकार्ड जुनं असेल तर त्यावरून जुळवू नका. कागद पिवळा पडतो, शाई उडते, आणि सतत हाताळलेली पानं आधी खराब होतात. पॅन्टोन स्वतः १२ ते १८ महिन्यांनी शेडकार्ड बदलायला सांगते. वापर झाला की ते मिटून अंधारात ठेवा.

एकाच पानावर लोगो एका शेडचा आणि पट्टी दुसऱ्या शेडची येते. दोन्ही तर एकच रंग आहेत?

नावाला एकच. लोगो जेपीईजी असेल तर तो आरजीबी चित्र म्हणून प्रोफाइलमधून जातो. पट्टी स्पॉट असेल तर तक्त्यातून. वर्डमधून आलेलं शीर्षक आरजीबी मजकूर म्हणून तिसऱ्याच वाटेने. तिन्हींची छपाई जुळली तर तो योगायोग.

उपाय मूळ फाइलमध्ये करावा. लोगो व्हेक्टर मागवा आणि सगळीकडे एकच स्पॉट लावा. फाइल बदलता येत नसेल तर रिपमध्ये रंग बदलून देण्याची सोय पाहा. तिथे ठरावीक आरजीबी किंमतीच्या जागी तुमचे सीएमवायके टक्के बसवता येतात. ही सोय मजकूर आणि व्हेक्टर आकारांवर चालते, जेपीईजी चित्रावर नाही.

स्पॉट कलरवर सावली टाकली की तिच्याभोवती चौकोन दिसतो. का?

ट्रान्स्परन्सी (पारदर्शक थर) आधीच सपाट केलेल्या पीडीएफमध्ये सावलीचा चौकोन सीएमवायके होतो आणि बाहेरचा भाग स्पॉट राहतो. दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या की सीमारेषा दिसते. पीडीएफ/एक्स-४ मागवा, त्यात ट्रान्स्परन्सी जिवंत राहते. रिपमध्ये कंपोझिट ओव्हरप्रिंट चालू ठेवा. फाइल बदलून मिळणार नसेल तर तेवढ्या जॉबसाठी स्पॉट मॅचिंग बंद करा. शेड थोडी सरकेल, पण चौकोन जाईल.

पन्नास टक्के टिंट ऑफसेटसारखी का येत नाही?

टिंट म्हणजे शेडचं फिकट केलेलं रूप. रिप तक्त्यातल्या टक्क्यांना त्या प्रमाणात कमी करतो. मॅजेंटा १००, पिवळा ८०चा अर्धा म्हणजे मॅजेंटा ५०, पिवळा ४०. ऑफसेटवर एका शाईचा ठिपका जसा पसरतो तसे हे दोन टोनर मिळून वागतीलच असं नाही, म्हणून टिंटची छटाही हलते. महत्त्वाच्या टिंटला स्वतंत्र स्पॉट नाव द्या आणि ती वेगळी जुळवा. मोठ्या सपाट भागात १०-१५ टक्क्यांची तीन रंगी टिंट वापरू नये, ती सगळ्यात जास्त डागाळते.

पहिली शीट बरोबर, पाचशेवी वेगळी. कुठे पाहायचं?

हवा, कागद, मग मशीन. हवेतली आर्द्रता बदलली की टोनरवरचा विद्युतभार बदलतो आणि घनता सरकते. खोलीत आर्द्रता ४५ ते ५५ टक्के आणि तापमान २० ते २४ अंश ठेवता आलं तर निम्मी दुखणी कमी होतात. कागदाचं रीम छपाईच्या वेळीच फोडा आणि आदल्या दिवशी प्रेसच्या खोलीत आणून ठेवा.

शीटच्या डाव्या आणि उजव्या बाजूची शेड वेगळी असेल तर तक्त्याला हात लावू नका. तो दोष ड्रमचा, चार्जिंगच्या भागाचा किंवा ट्रान्सफर बेल्टचा आहे. एका रंगाची ४० टक्के सपाट शीट चारही टोनरसाठी वेगवेगळी छापा, दोषी रंग लगेच सापडतो. मोठ्या जॉबमध्ये दर २००-२५० शीटनंतर स्पॉटची पट्टी मोजा. मोजमाप मर्यादेबाहेर गेलं तर थांबून कॅलिब्रेशन करा. चालू जॉबमध्ये तक्त्यातले टक्के बदलू नका.

लॅमिनेशननंतर रंग बदलतो, तो आधीच धरता येतो का?

येतो, आणि धरायलाच हवा. चकचकीत फिल्मखाली रंग गडद आणि चटक दिसतो. मॅट फिल्मखाली गडद शेड धुरकट होतात. काळा, नेव्ही आणि गर्द लाल यांना सगळ्यात जास्त फटका बसतो. पट्ट्या छापा, त्याच फिल्मने लॅमिनेट करा, मग मोजा आणि त्यावरून टक्के ठरवा. त्या किंमती तक्त्यात वेगळ्या नावाने ठेवा. नाहीतर पुढचा ऑपरेटर त्याच किंमती बिनालॅमिनेशनच्या जॉबला लावेल.

कव्हर ऑफसेटवर आणि आतली पानं डिजिटलवर असतील तर?

ऑफसेट आधी छापून घ्या आणि पूर्ण वाळू द्या, कारण ओली शाई वाळल्यावर मंद होते. मग त्या वाळलेल्या शीटवरून लॅब मोजा आणि तेच लक्ष्य धरा. लायब्ररीतली पॅन्टोन किंमत इथे कामाची नाही, कारण वाचक पानाची तुलना शेजारच्या कव्हरशी करणार आहे.

तीच शेड सहा महिन्यांनी पुन्हा छापायची तर काय जपून ठेवायचं?

मंजूर शीट, तारीख घालून, अंधाऱ्या पाकिटात. तिच्या मागे लिहा: लक्ष्याची आणि मिळालेली लॅब किंमत, एम० की एम१, कागदाचं नाव आणि वजन, आउटपुट प्रोफाइल, स्क्रीन, तक्त्यातले चार टक्के आणि लॅमिनेशन. तक्त्याचा बॅकअप रिपच्या बाहेर ठेवा, सॉफ्टवेअर नव्याने टाकताना हाताने घातलेल्या शेड पुसल्या जाऊ शकतात. पुन्हा जॉब आला की आधी कॅलिब्रेशन करून एक पट्टी मोजा. आउटपुट प्रोफाइल बदललेलं असेल तर जुने टक्के तसेच उचलू नका, लक्ष्याची लॅब किंमत तेवढी घ्या आणि टक्के नव्याने काढा.